गिऱ्हाईक, ग्राहक आणि बंदुकीचे दुकान

‘गिऱ्हाईक’ ह्या शब्दाचे मराठीत दोन अर्थ आहेत. दुकानात माल घ्यायला येते ते गिऱ्हाईक, आणि चारचौघांत ज्याची फिरकी घेतली जाते तेही गिऱ्हाईकच. शब्द आला ‘ग्राहक’ ह्या संस्कृत शब्दावरून. तत्सम रूप कायद्याच्या पुस्तकात, ग्राहकदिनाच्या भाषणात आणि बँकेतल्या पाटीवर जाऊन बसले. तद्भव रूप गल्ल्यासमोर उभे राहिले आणि तिथे जे त्याच्या वाट्याला आले, ते त्याच्या दुसऱ्या अर्थात साठून राहिले. भाषा कधीकधी आपल्या समाजाबद्दल नको तितके खरे बोलते.

हे आठवायला एक निमित्त घडले. मध्यंतरी मराठीच्या प्राध्यापकांच्या एका मेळाव्यात जेवणानंतर दुकानदारांच्या उर्मटपणाचे किस्से रंगले होते. मीही माझ्या चुलत्यांचा, तात्यांचा, बंदूक खरेदीचा किस्सा सांगितला. सगळे हसले आणि सर्वांत मोठ्याने मी हसलो. परतीच्या प्रवासात ध्यानात आले, की तात्यांना त्या दिवशी एका दुकानदाराने गिऱ्हाईक केले होते आणि आज इतक्या वर्षांनी मी त्यांना पुन्हा एकदा गिऱ्हाईक केले होते. ते हसणे मला आता मान्य नाही. हा लेख त्या हसण्याविरुद्ध आहे, म्हणजे अर्थातच काही अंशी माझ्याविरुद्धही आहे.

किस्सा असा. आमचे गाव पारनेर तालुक्यात, कान्हूर पठाराच्या बाजूला. पाऊस बेताचा, जमीन हलकी, ज्वारी-बाजरी आणि हाताला दोन पैसे देणारा वाटाणा. वाटाण्यात रानडुकरांचा कळप शिरला, की एका रात्रीत हंगाम संपतो. तात्यांनी पीकसंरक्षणासाठी बंदुकीच्या परवान्याचा अर्ज केला. पोलीस चौकशी झाली, कागद तालुक्याहून जिल्ह्याला आणि जिल्ह्याहून तालुक्याला फिरले, आणि दीड वर्षाने, २०११ साली, जिल्हादंडाधिकाऱ्यांच्या सहीचा परवाना हाती आला. कुणाला मारायचे तात्यांच्या मनात नव्हते. राखणीच्या रात्री एखादा बार काढला, की जनावरे पांगतात, एवढाच हिशेब होता. आम्ही दोघे एसटीने शहरात गेलो आणि शस्त्रांच्या एका दुकानात शिरलो.

दुकानदाराने वर पाहिले. धोतर, टोपी, पायांतल्या वहाणांवरची धूळ असे पाहणे वरून खाली उतरत गेले आणि तिथेच थांबले. परवाना त्याने हातात घेतला नाही. ‘कुणाच्या ओळखीनं आलात?’ एवढेच विचारले. तात्या म्हणाले, ‘कलेक्टरसाहेबाची सही हाये. आणखी कुणाची वळख आणू?’ दुकानदार नोकराकडे पाहून हसला आणि म्हणाला, ‘काका, ही कोयता-खुरपं घ्यायची जागा नाही. आम्ही नुसतं बघायला काढत नाही.’ त्याच वेळी पांढऱ्या कडक इस्त्रीतला एक तरुण आत आला. त्याच्यासाठी खुर्ची आली, चहा आला, आणि त्याच्याकडचा कागद न पाहताच काचेखालचे पिस्तूल मखमलीच्या तुकड्यावर ठेवले गेले. भिंतीवर, ग्राहक हा आपल्या वास्तूतला सर्वांत महत्त्वाचा पाहुणा असल्याचे सांगणारी, गांधीजींच्या नावावर खपणारी पाटी होती. ते वचन गांधीजींचे असल्याचा विश्वासार्ह पुरावा कोणी दिलेला नाही. पण बंदुकीच्या दुकानात गांधीजींची साक्ष काढली जाते, हा विनोद पुराव्यावाचूनही पुरेसा आहे.

किस्सा मी नेहमी इथेच संपवतो. वास्तविक त्याला उत्तरार्ध आहे आणि तोच महत्त्वाचा आहे. पंधरा दिवसांनी आम्ही दुसऱ्या शहरातल्या दुसऱ्या दुकानात गेलो. तिथल्या वृद्ध मालकांनी तात्यांना बसायला सांगितले, चष्मा लावला आणि परवाना पहिल्या ओळीपासून शेवटच्या शिक्क्यापर्यंत वाचला. गाव कोणते, पीक कोणते, घरात लहान मुले किती, बंदूक कुठे ठेवणार, असे चार प्रश्न विचारले. मग शांतपणे म्हणाले, ‘शस्त्र घेण्याची मुदत चार दिवसांपूर्वी संपली आहे. मी तुम्हाला बंदूक देऊ शकत नाही.’ पुढे त्यांनी एका कोऱ्या कागदावर मुदतवाढीचा अर्ज कुणाकडे करायचा, सोबत काय जोडायचे, हे आपल्या हाताने लिहून दिले. त्या दिवशी आम्ही रिकाम्या हाताने परतलो. एसटीत तात्या म्हणाले, ‘त्यानं नाही म्हटलं, पण माणसावानी म्हटलं.’ तीन महिन्यांनी एकनळी बंदूक त्यांनी त्याच दुकानातून घेतली.

माझे म्हणणे तात्यांच्या त्या वाक्यात आहे. नकार आणि अवमान ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपण त्या एकच समजतो. म्हणून आपल्याकडे एक तर अवमानाला ‘शिस्त’ म्हटले जाते, नाही तर नकाराला ‘वाईट सेवा’ म्हटले जाते.

पहिली चूक आपल्या विनोदाने पोसली आहे. पु. ल. देशपांड्यांनी मुंबईकर, पुणेकर आणि नागपूरकर होण्याच्या अटी सांगताना दुकानातल्या ग्राहकाचे जे यःकश्चित स्थान रेखाटले, ते ऐकून महाराष्ट्राच्या दोन-तीन पिढ्या हसल्या. पु.लं.चा विनोद त्या वृत्तीवर होता. आपण त्याचा उपयोग त्या वृत्तीच्या बाजूने केला. ‘पुणेरी पाट्या’ हा संग्रह करण्याचा आणि अभिमानाने दाखवण्याचा विषय झाला. तुसडेपणा ही सांस्कृतिक खूण ठरली, आणि ज्याला ती बोचली त्याला ‘विनोदबुद्धी नाही’ असे म्हणता येऊ लागले. पण ह्या पाट्यांवर हसण्याची चैन कुणाला परवडते? ज्याला शेजारचे दुसरे दुकान माहीत आहे, जो तितकेच खोचक उत्तर देऊ शकतो, ज्याची भाषा आणि पोशाख दुकानदाराच्या भाषेपोशाखाशी बरोबरी करतात, त्याला. पठारावरून एसटीने आलेल्या माणसाचा संध्याकाळच्या गाडीपर्यंतचा दिवस त्या एका वाक्यात बुडतो. त्याला त्यात शैली दिसत नाही.

दुसरी चूक उलट दिशेची आहे. १९७४ साली पुण्यात बिंदुमाधव जोशींनी ग्राहक पंचायतीची चळवळ सुरू केली. १९८६ साली ग्राहक संरक्षण कायदा झाला, आणि त्याची जागा घेणारा २०१९चा कायदा २०२०च्या जुलैत अमलात आला. ह्या चळवळीचे ऋण मोठे आहे. मापात पाप करणाऱ्याला जाब विचारता येतो, हे तिने सामान्य माणसाला शिकवले. पण तिच्या मागोमाग बाजारपेठेने आपली एक वेगळीच घोषणा आणली, ग्राहक हाच देव. देवाला प्रश्न विचारायचे नसतात, देवाला ‘नाही’ म्हणायचे नसते. हक्काची भाषा अशी हळूहळू लाडाच्या भाषेत विरघळली. बंदुकीचे दुकान ही ह्या भाषेची कसोटी आहे, कारण ग्राहकाला देव मानणारा विक्रेता तिथे केव्हा तरी प्रेताला कारण होईल.

आपला कायदा ह्या बाबतीत आपल्या दुकानदारांपेक्षा आणि विनोदकारांपेक्षा सुसंस्कृत आहे. साहित्याच्या अभ्यासकांनी १९५९चा शस्त्र अधिनियम वाचावा असे सुचवले तर हसू येईल. पण त्यातली काही कलमे माणसाकडे कसे पाहावे ह्याविषयीची आहेत. नवव्या कलमानुसार, जो विक्रीच्या वेळी मनाने स्वस्थ नाही असे विकणाऱ्याला माहीत आहे, किंवा तसे मानण्यास कारण आहे, त्याला बंदूक विकता येत नाही. म्हणजे समोरच्याच्या मनाची अवस्था जाणून घेणे हे विक्रेत्याचे कायदेशीर कर्तव्य आहे. कादंबरीकाराकडून जी अपेक्षा करायला आपण कचरतो, ती संसदेने दुकानदाराकडून केली आहे! तेरावे कलम पीकसंरक्षणाच्या खऱ्या गरजेसाठी ठासणीच्या बंदुकीची, आणि ती अपुरी पडेल तर दुसऱ्या गुळगुळीत नळीच्या बंदुकीची, तरतूद करते. म्हणजे तात्यांसारखा माणूस कायद्याच्या नजरेसमोर होता. त्याला तिथे उपरा मानलेले नाही. चौदावे कलम सांगते, की अर्जदाराजवळ पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणावरून परवाना नाकारता येणार नाही. आणि नाकारलाच, तर कारणे लेखी नोंदवायची आणि मागितल्यास त्यांचा गोषवारा अर्जदाराला द्यायचा. सार्वजनिक हिताला बाधा येत असेल तेवढाच अपवाद. कायदा भरपूर नकार देतो, किंबहुना नकार देण्यासाठीच तो आहे. पण त्या नकारात वहाणांवरची धूळ मोजायला त्याने मनाई केली आहे.

हा विवेक आपल्याला आयता मिळालेला नाही. १८७८चा ब्रिटिश शस्त्र कायदा आठवावा. त्या व्यवस्थेत परवान्याची अट हिंदी माणसाला होती आणि युरोपियनाला सूट होती. तिथे नकार हाच अवमान होता. शस्त्र धोकादायक म्हणून नव्हे, तर तुम्ही कोण आहात म्हणून ते नाकारले जात होते. अहिंसेचे व्रत घेतलेल्या गांधीजींनीही १९१८ साली खेड्यातल्या, म्हणजे गुजरातेतल्या खेडा जिल्ह्यातल्या, सैन्यभरतीच्या पत्रकात ह्या कायद्याची गणना ब्रिटिश राजवटीच्या सर्वांत काळ्या कृत्यांत केली, ती राष्ट्राचा पाणउतारा म्हणून. तो कायदा झाल्यानंतर दोनच वर्षांनी, १८८० साली, आमच्या पारनेरात पांडुरंग महादेव बापट जन्मले. त्यांनी पुढे पॅरिसला बॉम्बची विद्या मिळवली, आणि आणखी पुढे मुळशीच्या धरणग्रस्तांसाठी सत्याग्रह करून ‘सेनापती’ झाले. त्यांच्या सगळ्या आयुष्याचा अर्थ एका कायद्यातून काढणे भाबडेपणाचे होईल. पण कारणावाचूनचा, माणसाची प्रत पाहून दिलेला नकार समाजात काय पेरतो, हे पारनेरकराने तरी विसरू नये. १९५९च्या कायद्याने नकार ठेवला आणि त्यातला अवमान काढण्याचा प्रयत्न केला. शहरातल्या त्या दुकानदाराने स्वतंत्र भारताच्या परवान्यासमोर १८७८ची रीत पुन्हा चालू केली, फक्त गोऱ्याच्या जागी पांढरी इस्त्री आली.

इथे एक आक्षेप अपेक्षित आहे. शस्त्रांच्या दुकानात गोडवा कशाला हवा? दुकानदार तुटक असेल, संशयी असेल, तर उलट बरेच. चार माणसे बिचकून परत जातील. आक्षेपात तथ्य आहे असे वरवर वाटते. शस्त्रविक्रेता जोखमीत जगतो, हेही मान्य. प्रत्येक काडतुसाची नोंद, तपासणी, निवडणुकीच्या काळात परवानाधारकांच्या बंदुका जमा करून घेण्याची धांदल, एका चुकीने जाऊ शकणारा धंद्याचा परवाना, ह्या साऱ्यातून माणूस त्रासिक होतो. पण त्रासिकपणा वेगळा आणि तुच्छता वेगळी. तुच्छता ही सावधगिरी नसतेच. त्या पहिल्या दुकानदाराकडे पुन्हा पाहा. त्याने तात्यांचा परवाना पाहिला नाही, म्हणून मुदत संपत आल्याचे त्याला कळले नाही. त्या तरुणाचाही कागद त्याने पाहिला नाही, म्हणून तिथे काय होते ते कुणालाच कळले नाही. तात्यांचा त्याने अवमान केला आणि तरुणाची खुशामत केली. दोन्ही प्रकारांत त्याने एकच गोष्ट टाळली, समोरच्या माणसाकडे पाहणे. दुसऱ्या दुकानातले मालक तात्यांशी सौजन्याने वागले, आणि म्हणूनच त्यांना चार दिवसांची चूक दिसली. आदर म्हणजे लक्ष देणे. आणि बंदुकीच्या बाबतीत लक्ष देणे म्हणजेच सुरक्षितता.

ज्यांना हे फार भावुक वाटेल त्यांनी अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशर राज्याकडे पाहावे. ग्राहकराज्याचे आणि बंदुकांचे ते माहेरघर. २००९ साली तिथे, परस्परांशी संबंध नसलेल्या तीन व्यक्तींनी आठवड्याभराच्या आत एकाच दुकानातून बंदुका घेतल्या आणि काही तासांत आत्महत्या केल्या. कायद्याने पाहता दुकानदाराची चूक नव्हती, कागद नीट होते. पण त्या धक्क्यातून विक्रेते आणि सार्वजनिक आरोग्याचे कार्यकर्ते एकत्र आले. गिऱ्हाईक संकटात आहे हे कसे ओळखावे, त्याच्याशी कसे बोलावे, विक्री कशी लांबवावी किंवा नाकारावी, ह्यासाठी त्यांनी दुकानांतून माहितीपत्रके आणि फलक ठेवले. उत्तम ग्राहकसेवा कशाला म्हणायचे, ह्याचे ह्याहून नेमके उत्तर मला माहीत नाही. माल न विकणे हीच तिथे सेवा आहे, आणि माणसाकडे पाहिल्यावाचून ती करता येत नाही.

बंदुकीचे दुकान आमच्या वाचकांपैकी फार थोड्यांनी पाहिले असेल. पण त्याचा सख्खा भाऊ तालुक्याच्या प्रत्येक बाजारपेठेत उभा आहे, कृषी सेवा केंद्र. तिथेही परवान्यावर चालणारा धंदा आहे, तिथेही काउंटरमागे मृत्यू बाटलीबंद आहे. आणि तिथल्या दुकानदाराला तर गिऱ्हाइकाचे पीक, कर्ज आणि मागची उधारी सगळे तोंडपाठ असते. हंगाम गेलेला, फवारायला शेतात काही उरलेले नाही, अशा माणसाने औषध मागितले तर ‘बसा, चहा घ्या, घरी सगळे बरे आहे ना?’ हे चार शब्द कोण म्हणेल? जो रोज त्याला ‘आधीची बाकी आण, मग तोंड उघड’ असे सुनावतो, तो ते म्हणू शकणार नाही. म्हटले तरी त्याच्यावर कुणी विश्वास ठेवणार नाही. अवमानाची सवय झालेल्या जिभेला ऐन वेळी मायेचा शब्द फुटत नाही. असे विचारणारे दुकानदार आमच्या तालुक्यात आहेत, मी त्यांना पाहिले आहे. त्यांची पाटी कुठल्याही संग्रहात नाही.

लाडाच्या भाषेचाही एक नमुना नोंदवला पाहिजे. २०१४च्या जानेवारीत कानपूरच्या सरकारी शस्त्रकारखान्याने स्त्रियांसाठी म्हणून ‘निर्भीक’ हे रिव्हॉल्व्हर बाजारात आणले. वजन सुमारे पाचशे ग्रॅम, किंमत सव्वा लाखाच्या घरात, आणि ते ठेवायला दागिन्यांच्या डब्यासारखी मरून रंगाची पेटी. दिल्लीतल्या २०१२च्या अत्याचारानंतर त्या मुलीला लोकांनी ‘निर्भया’ म्हटले होते. तिच्या नावाचा प्रतिध्वनी ह्या नावात होता. रस्ता सुरक्षित करणे राज्याला जमले नाही, तेव्हा त्याने नागरिक स्त्रीला ग्राहक केले आणि तिच्यासमोर पेटी उघडली. आणि सव्वा लाख नसलेल्या स्त्रीने काय करायचे? पहिल्या दुकानदाराची पांढऱ्या इस्त्रीपुढची मखमल आणि ही मरून पेटी एकाच कापडाची आहेत. दोन्ही ठिकाणी माणसाच्या गरजेऐवजी त्याच्या ऐपतीशी बोलणे चालले आहे. शस्त्र ही मिरवण्याची, साठवण्याची वस्तू नव्हे, हे कायदा पुन्हा पुन्हा सांगतो. २०१९च्या दुरुस्तीने एका परवानाधारकाकडच्या बंदुकांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली. एकावर एक फुकटच्या युगात हे उलट्या दिशेचे पाऊल मला फार शहाणपणाचे वाटते.

आता आपल्या घरात येऊ. शस्त्रांच्या दुकानदाराला नावे ठेवून साहित्याचा प्राध्यापक हात झटकू शकत नाही, कारण त्याच्याही पुढ्यात एक काउंटर आहे. मराठी नियतकालिकांनी ‘साभार परत’ हा एक सुंदर शब्दप्रयोग रूढ केला होता. त्यात नकार स्वच्छ आहे आणि लेखकाचा मानही शाबूत आहे. आज किती संपादक तेवढे तरी कळवतात? मौन हेच उत्तर समजायचे, असा आपला रिवाज झाला आहे. पठारावरचा विद्यार्थी शहरातल्या विभागात येतो, प्रबंधाचा विषय पुढे ठेवतो आणि आपण विचारतो, ‘कुणाकडे शिकलात?’ ते ‘कुणाच्या ओळखीनं आलात?’ ह्याचेच तत्सम रूप आहे. त्याच्या उच्चारावर वर्गात पिकणारा हशा हे त्याचे तद्भव रूप. दुसरीकडे खासगी शुल्काच्या संस्थांतून विद्यार्थी हा ग्राहक ठरला आहे. त्याला नापास करायचे नाही, त्याच्या कवितेला वाईट म्हणायचे नाही, त्याचा ‘अभिप्राय’ आपल्याला घातक ठरेल. अवमान करणारा विभाग आणि खुशामत करणारी संस्था, दोघेही विद्यार्थ्याची वही वाचत नाहीत. ह्याहून अधिक साम्य दाखवण्याची गरज नाही.

मग दुकानदाराकडून आपण काय मागावे? हसून स्वागत नको, चहाही नको; तो दुसऱ्याला दिला आणि मला नाही, असे मात्र नको. आधी माझा कागद वाचा. प्रश्न विचारा, कितीही विचारा, पण पांढऱ्या इस्त्रीलाही तेच विचारा. नाही म्हणायचे असेल तर म्हणा, कारण सांगा, आणि पुढचे दार कोणते ते दाखवा. एवढे झाले तर ‘गिऱ्हाईक’ ह्या शब्दाचा दुसरा अर्थ कोशात जुना म्हणून नोंदवावा लागेल.

तात्या २०१९ साली गेले. बंदूक रीतसर जमा केली. त्यांच्या पेटीत परवान्याच्या पाकिटात एक घडी घातलेला कागद सापडला, मुदतवाढीचा अर्ज कसा करावा ते सांगणारा, त्या वृद्ध दुकानदाराच्या अक्षरातला. काम होऊन आठ वर्षे झाली होती. पहिल्या दुकानाची आठवण मी किस्सा करून जपली. दुसऱ्या दुकानाची त्यांनी पेटीत जपून ठेवली होती.